कुलूपबंद साडूभाऊ

आमच्या साडूभाऊंच्या घरी चोरी करणं ज्या चोराच्या नशिबी येईल, त्याची मला आत्तापासूनच कीव येते. बिचारा आत सहज शिरेल, कारण चिक्कडपल्लीतल्या त्यांच्या फ्लॅटचं दार दिवसभर सताड उघडं असतं. पण आत गेल्यावर त्याला काही म्हणजे काही कळणार नाही. कपाटाच्या किल्लीला 'पाण्याची मोटर' अशी चिठ्ठी, मोटरच्या किल्लीला 'जुनी सायकल', बँकेची कागदपत्रं 'लोकरीचे नमुने' असं लिहिलेल्या पिशवीत, आणि लोकरीचे नमुने कुठे आहेत ते देवालाच ठाऊक. चोर तासाभरात घाम पुसत बाहेर येईल, आणि जाताना अक्का त्याला चहा विचारतील अशी मला खात्री आहे. अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. साडूभाऊंशी संसार केल्यामुळे त्यांना कशाचंच आश्चर्य वाटत नाही.

साडूभाऊंना कुठलीही गोष्ट सरळ करता येत नाही असं नव्हे; सरळ करणं त्यांना धोक्याचं वाटतं. "कुठे निघालात?" असं विचारलं तर ते हाताने एक दिशा दाखवतात आणि दुसऱ्याच दिशेला जातात. मी नारायणगुड्यात राहतो. त्यांच्या घरापासून माझ्या घरापर्यंत नाकासमोर रस्ता आहे. पण साडूभाऊ आधी दोमलगुड्याकडे वळतात, मग हिमायतनगरातून हिंडून, माझ्या घरामागच्या गल्लीतून उगवतात. "रस्ता सरळ असला की कुणीबी मागून येते," असं त्यांचं म्हणणं. ह्या निवृत्त गणिताच्या मास्तरांच्या मागून कोण आणि कशासाठी येणार, हे विचारायची सोय नाही. विचारलं तर ते इकडेतिकडे पाहून म्हणतात, "हल्लू बोला."

भाजी घेतानाही तेच. वांगी हवी असतील तर आधी तोंडल्यांचा भाव, मग दोसकायांचा, म्हणजे पिवळ्या काकड्यांचा, भाव, मग आंबाडीच्या दोन जुड्या उगीचच विकत, आणि अगदी शेवटी, जाता जाता आठवल्यासारखी, पाव किलो वांगी. आपल्याला नक्की काय हवंय हे दुकानदाराला कळलं की तो भाव वाढवतो, अशी त्यांची पक्की समजूत. त्यामुळे त्यांच्या घरात बारा महिने आंबाडी असते. पूर्वी ते अक्कांशी बाजारात मराठीत कुजबुजायचे, म्हणजे तेलुगू भाजीवाल्याला पत्ता लागू नये. एकदा "ह्याचा काटा जरा बदमाश दिसतो," असं ते म्हणाले आणि भाजीवाला हसून म्हणाला, "काका, काटा नवा आहे. मी देगलूरचा." त्या दिवसापासून साडूभाऊ बाजारात अक्कांशी खुणांनी बोलतात, आणि अक्का त्यांना सगळ्यांदेखत मोठ्यानं उत्तरं देतात.

जामबागेजवळच्या एका जुन्या शाळेत दोघांची नोकरी झाली. साडूभाऊ गणित शिकवायचे, अक्का मराठी. शाळेत साडूभाऊंचा दरारा होता तो गणितामुळे नव्हे, टाईमटेबलमुळे. दर जूनमध्ये सगळ्या शाळेचं टाईमटेबल तेच बनवायचे. टाईमटेबल बनवणारा माणूस म्हणजे काय असतो हे शाळेत नोकरी केलेल्यालाच कळेल. कुणाला पहिला तास नको, कुणाला शेवटचा नको, कुणाला वरच्या मजल्यावर चढवत नाही. सगळे हात जोडून यायचे आणि साडूभाऊ भुवयासुद्धा न हलवता सांगायचे, "नियम म्हणजे नियम. सवलत नाही." खुद्द अक्कांनाही तेच उत्तर. "सगळ्या शाळेचं टाईमटेबल ह्यांच्या हातात होतं, पण मला सवलत म्हणून कधी कवडीची दिली नाही," हे अक्का आम्हाला अजून ऐकवतात. त्यावर साडूभाऊंचं ठरलेलं उत्तर: "घरच्या माणसाला दिली तर गावभर बोंब होते."

पुढे मराठी घेणारी मुलं कमी होत गेली. एका वर्गात इतकी थोडी उरली की अक्का त्यांना स्टाफरूममध्येच टेबलाभोवती बसवून शिकवायच्या. त्या निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही. विषयच बंद झाला. पाठोपाठ साडूभाऊही निवृत्त झाले. लोक निवृत्त झाल्यावर तीर्थयात्रेला जातात, हे अमीरपेटेला गेले. तिथल्या एका कोचिंगमध्ये, नातवंडं शोभतील अशा पोरापोरींच्या मधल्या बाकावर बसून त्यांनी कंप्यूटरची भाषा शिकून घेतली. शिकवणारा पोरगा त्यांना 'सर' म्हणायचा आणि ते त्याला. मग त्यांनी टाईमटेबल बनवणारा एक प्रोग्राम लिहिला. शिक्षक, वर्ग, विषय भरायचे आणि बटण दाबायचं. चहा गार व्हायच्या आत टाईमटेबल हजर. त्यांच्या जुन्या शाळेनं तो घेतला, नंतर आसपासच्या आणखी काही शाळांनी. दर वर्षी मे महिन्यात फोन येऊ लागले आणि साडूभाऊ पुन्हा इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत जाऊ लागले. हा त्यांच्या आयुष्यातला फार सुखाचा काळ होता.

पण सुखाला दृष्ट लागते. अमीरपेटेतल्या त्या शिक्षकानं एक दिवस सहज सांगितलं की असा प्रोग्राम ब्राउझरमध्ये चालतो, आणि ब्राउझरमध्ये उजवं बटण दाबलं की त्यातली ओळ न् ओळ कुणालाही वाचता येते. साडूभाऊ पांढरेफटक पडले. कपाटाच्या किल्लीला मोटरचं नाव देणारा माणूस, आणि त्याचं सगळं डोकं असं चव्हाट्यावर! चौकशी केल्यावर त्यांना उपाय कळला आणि तो उपाय जणू त्यांच्याचसाठी जन्माला आला होता. प्रोग्राम चालायला हवा तसाच चालतो, पण वाचणाऱ्याला कळत नाही अशी त्याची मोडतोड करून ठेवायची. नावं पुसून टाकायची. 'शिक्षक' असेल तिथे नुसतं क सात, 'वर्ग' असेल तिथे क एकोणीस. सरळ जाणारी वाट दहा वळणं देऊन न्यायची. शब्द एका पेटीत कोंबून त्यांना आकड्यांनी हाक मारायची. आणि मधेमधे कधीच चालणार नाहीत अशा खोट्या ओळी घुसडून द्यायच्या, वाचणारा त्यांच्यातच घुटमळत बसावा म्हणून. "साडूभाऊ," ते मला उजळलेल्या चेहऱ्यानं म्हणाले, "ह्या लाइनीत आपल्यासारखी माणसं आहेत हो!"

अशी मोडतोड करून देणारी तयार साधनं फुकट मिळतात म्हणे. पण साडूभाऊंना ती नको होती. "ज्याने कुलूप केलं, त्याच्यापाशी एक किल्ली राहतेच की," म्हणून त्यांनी मोडतोड करणारा प्रोग्रामही स्वतःच लिहिला. त्यातून बाहेर पडलेला मजकूर त्यांनी मला कौतुकानं दाखवला. कंस, आकडे, ठिपके, पुन्हा कंस. मला काहीच कळलं नाही असं म्हटल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. इतकी मनापासून शाबासकी मला बँकेतल्या नोकरीत कधी मिळाली नव्हती.

आता एवढं जपायचं तर धोकाही हवा. तो त्यांच्या घरातच होता. त्यांची सून माधापूरच्या एका कंपनीत आहे, आणि तिचं कामच मुळी लोकांनी असे गुंतवून ठेवलेले प्रोग्राम उकलून आत काही वाईट तर नाही ना हे बघायचं. मुलगी तेलुगू, स्वभावानं गोड. साडूभाऊंना मामय्या म्हणते, अक्कांच्या हाताखाली मराठी शिकली आहे. तिनं खोलीत पाऊल टाकलं की साडूभाऊ फाडकन लॅपटॉप मिटायचे. ती कॉफी ठेवून जायची. ती दारापलीकडे गेली की हे लॅपटॉप उघडायचे. मामय्या चोरून शेअर बाजार खेळतात अशी तिची कित्येक दिवस समजूत होती, आणि नवऱ्याला सांगावं की नाही ह्या विवंचनेत ती होती. खरं म्हणजे साडूभाऊंना मनातून वाटायचं की कुणीतरी एकदा चोरायचा प्रयत्न तरी करावा. इतकं भक्कम कुलूप, आणि कुणी कडीला हात लावून पाहत नाही! "शाळांत कुणी काही विचारलं का हो प्रोग्रामबद्दल?" असं मी विचारलं की ते खिन्नपणे मान हलवायचे.

न गुंतवलेला, वाचता येण्यासारखा मूळ प्रोग्राम त्यांनी लॅपटॉपवरून पुसून टाकला होता. तो एकाच पेनड्राइव्हवर होता. पेनड्राइव्ह कुणी उचलू नये म्हणून त्यावर त्यांनी कागद चिकटवून ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'खराब'. ह्या वर्षी उगादीच्या आदल्या दिवशी, म्हणजे आपल्या पाडव्याच्या, अक्कांनी घर आवरायला काढलं आणि खराब झालेल्या सगळ्या वस्तू कचऱ्याच्या गाडीत घातल्या. त्यात पेनड्राइव्हही गेला. अक्कांची त्यात तिळमात्र चूक नव्हती आणि हे साडूभाऊंनाही मान्य होतं. ते एवढंच म्हणाले, "लिहिलेलं खरं मानते ही बाई."

तोवर काही बिघडलं नव्हतं, कारण गुंतवलेला प्रोग्राम चालतच होता. बिघडलं ते मे महिन्यात. त्यांच्या जुन्या शाळेच्या हेडमिस्ट्रेस बाईंनी बोलावून सांगितलं, "सर, जूनपासून शनिवारी अर्धा दिवस, आणि प्रयोगाचे तास जोडून दोन. तुमच्या प्रोग्राममध्ये बसवून द्याल ना? नाही झालं तर सांगा, एक कंपनीवाले मागे लागलेतच." बाई भल्या, त्यांनी साधं विचारलं. पण ती शाळा गेली की बाकीच्याही जाणार, आणि मे महिन्यातला इस्त्रीचा शर्टही जाणार, हे साडूभाऊंना कळत होतं. "होईल की," म्हणून ते घरी आले. बदल करायचा तर प्रोग्राम वाचायला हवा होता. आणि तो वाचता येऊ नये ह्याची सगळी व्यवस्था त्यांनी जातीनं केलेली होती.

पहिले काही दिवस ते आनंदात होते. मी गेलो तर लॅपटॉपसमोर बसून मांडीवर थापा मारत होते. "पाहिलं? मलाच उघडेना! ह्याला म्हणतात कुलूप!" एखादी वाट धरून ते तासभर आत जायचे आणि ती आपणच घुसडलेली खोटी ओळ निघाली की स्वतःला शाबासकी द्यायचे. मग हळूहळू शाबासकीच्या जागी शिव्या आल्या. "कोण बेअक्कल माणसाने केलं हे," असं ते पुटपुटायचे आणि कोण ते आठवून जीभ चावायचे. अक्का म्हणाल्या, "सुनेला विचारा." साडूभाऊ म्हणाले, "तिला? खामखा तिला कशाला परेशान?" शाळा उघडायचे दिवस जवळ येत चालले.

एका सकाळी दाराची घंटा वाजली. साडूभाऊ होते, आणि ते पुढच्या रस्त्यानं आले होते. मी बायकोला हाक मारली, इतका मी घाबरलो. "सरळ आलात?" मी विचारलं. "हौ. आता काय राहिलं लपवायला," ते म्हणाले आणि पाणी न घेताच बसून राहिले. त्या क्षणी मला त्यांची फार माया आली. इतकी वर्षं ज्या वळणांना मी हसलो, ती ह्या माणसाची तब्येत बरी असल्याची खूण होती. मी त्यांना तसाच हाताला धरून चिक्कडपल्लीला घेऊन गेलो. शनिवार होता, सून घरी होती. साडूभाऊंनी खास त्यांच्या पद्धतीनं सुरुवात केली: "समजा एक माणूस आहे. मी नाही. ओळखीतला. त्याने एक प्रोग्राम लिहिला आणि..." सून शांतपणे म्हणाली, "मामय्या, तुमचाच कदा, तुमचाच ना? द्या इकडे." आणि पहिल्यांदाच तो लॅपटॉप तिच्यासमोर उघडा राहिला.

ती जेवणाच्या टेबलाशी बसली. साडूभाऊ तिच्या मागे येरझाऱ्या घालत होते. "अवघड आहे ना?" ते मधून मधून विचारायचे. "चांगलंच अवघड आहे, मामय्या. आमच्या ऑफिसात दाखवायला पाहिजे," ती म्हणायची, आणि त्यांची छाती फुगायची. हात धुवायला ती आत आली तेव्हा मला (मी तिचा बाबाय, म्हणजे काका) हळूच म्हणाली, "बाबाय, सोपंच आहे. त्यांना सांगू नका." मी अजून सांगितलेलं नाही. दुपारपर्यंत गुंता सुटत आला. पण नावं पुसलेली होती, त्यामुळे कुठली ओळ काय करते हे कळलं तरी का करते हे तिला कळत नव्हतं. ती विचारू लागली आणि साडूभाऊंना सांगणं भाग पडलं. तेव्हा आम्हाला कळलं की इतकी वर्षं त्या कुलपाच्या आत काय होतं.

"हा क एकतीस दुपारनंतर कधीच वरच्या मजल्यावर जात नाही. का?" साडूभाऊ कानकोंडे झाले. म्हणाले, "त्या हिंदीच्या बाई. गुडघे धरतात त्यांचे." "आणि हा, एका महिन्यात ह्याला शेवटचा तासच नाही?" "केमिस्ट्रीचे सर. रमजान असतो ना. इफ्तारीला घरी पोचले पाहिजेत." एका बाईंचं बाळ पाळणाघरात होतं, तिला मधल्या सुट्टीला लागून मोकळा तास. दोन मास्तर एकमेकांशी बोलत नव्हते, त्यांचे वर्ग कधी शेजारी नाहीत. सासू अंथरुणाला खिळलेली एक बाई, तिला सोमवारी पहिला तास नाही. ही सगळी माणसं मे महिन्यात हात जोडून साडूभाऊंकडे आली होती, ह्यांनी 'नियम म्हणजे नियम' म्हणून सगळ्यांना परत पाठवलं होतं, आणि मग घरी येऊन त्यांचा एकेक नियम लिहिला होता. जून उजाडला की स्टाफरूममध्ये लोक म्हणायचे, कंप्यूटरला दया येते, ह्या माणसाला येत नाही.

"मग तेव्हाच हो म्हणायचं होतं की लोकांना," अक्का म्हणाल्या. त्या टेबलाच्या टोकाशी आंबाडी निवडत बसल्या होत्या. साडूभाऊ म्हणाले, "एकाला हो म्हटलं की दारात रांग लागते. मग ज्याला खरी गरज आहे तो रांगेत मागे राहतो. गप करावं लागतं हे काम." अक्कांनी हातातली काडी खाली ठेवली. म्हणाल्या, "आणि मला इतकी वर्षं वाटलं, ह्यांना शाळेत कुणी आवडतच नाही."

शनिवारचा अर्धा दिवस आणि जोडतास बसवायला मग वेळ लागला नाही. सून म्हणाली, आता सगळ्यांना धड नावं देऊ आणि खोट्या ओळी काढून टाकू. साडूभाऊंनी परवानगी दिली, जरा जड मनानं. ती एकेक ओळ दाखवायची, ते "खोटी" म्हणायचे, ती पुसायची. असं करता करता ती एका जागी थांबली. "ही पण काढते. हे कधीच चालत नाही, मामय्या. एक विषय आहे, तो नेहमी सकाळी दुसऱ्या तासाला लावायचा, शेवटचा तास कधीच द्यायचा नाही. पण कुठल्याच शाळेत असा विषय नाही. खोटीच ना?"

साडूभाऊ म्हणाले, "ती खोटी नाही."

"मग कुठला विषय?"

साडूभाऊ खिडकीबाहेर बघू लागले. शेवटी म्हणाले, "पहिल्या तासाला अर्धी पोरं उशिरा येतात. दुसऱ्या तासाला सगळी असतात आणि डोकं ताजं असतं. मराठी तेव्हाच पाहिजे. मुलं थोडी असली म्हणून काय झालं."

अक्कांच्या नोकरीत मराठीचा तास सदा दुसरा असायचा. अक्कांना तो योगायोग वाटायचा, आम्हालाही. आणि हा प्रोग्राम तर मराठी बंद झाल्यावर लिहिलेला. ज्या विषयाला ना मुलं उरली होती ना बाई, त्याच्यासाठी ह्या माणसानं अमीरपेटेच्या बाकावर बसून शिकलेल्या भाषेत जागा राखून ठेवली होती, आणि वर कुणाला दिसू नये म्हणून खोट्या ओळींत लपवली होती. सुनेनं हळूच विचारलं, "काय नाव देऊ ह्याला?" साडूभाऊ अक्कांकडे बघू लागले. अक्कांनी पुन्हा आंबाडी हातात घेतली आणि मान वर न करता म्हणाल्या, "माझं नको हं घालू. गावभर बोंब होईल, घरच्या माणसाला सवलत दिली म्हणून." आणि पदरानं डोळे पुसले.

जूनमध्ये शाळा उघडली. टाईमटेबल वेळेवर लागलं. साडूभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून ते द्यायला गेले आणि परत येताना हिमायतनगरावरून हिंडून आले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. प्रोग्राम त्यांनी पुन्हा गुंतवला आहे; नव्या गुंत्यात सुनेनं दोन चांगल्या गाठी सुचवल्या म्हणून ते तिचं कौतुक करतात. ती ओळ मात्र तिनं खोट्या ओळींतून काढून अगदी आरंभी नेऊन ठेवली आहे. तिनं मला समजावून सांगितलं ते असं: कुठल्याही शाळेनं बटण दाबलं की प्रोग्राम गणित, तेलुगू, सायन्स ह्यांतलं काही हातात घ्यायच्या आधी मराठीचा तास लावायचा आहे का, असं एकदा विचारतो, नाही म्हटल्यावर पुढे जातो, आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारतो.